एकशे दहा

सकाळी सातला फोन विचारतो,
'शुभ सकाळ, एलेउतेरियो. आज साखर किती?'
हा प्रश्न मी लिहिलेला नाही.
ह्यूस्टनच्या कुठल्याशा कचेरीत कुणीतरी तो एकदाच लिहिला,
आणि आता दोनशे बारा घरांत
तो रोज उजाडतो.
माझं काम उत्तरं बघण्याचं.
लाल ठिपका दिसला तर फोन करायचा,
हिरवा दिसला तर पुढे सरकायचं.

नदीच्या या काठाला, टेक्सासच्या पार टोकाशी,
लोक आजाराचं नाव घेत नाहीत.
'मला साखर आहे' म्हणतात,
जसं म्हणावं, मला भाऊ आहे, मला कर्ज आहे.
माझ्या वडिलांनाही होती.
त्यांना सकाळी सातला कुणी काही विचारलं नाही.
आधी अंगठा गेला. मग घोटा.
मग आम्ही मोजणं सोडलं.

एलेउतेरियोंचं उत्तर ऐसपैस.
'सुप्रभात, सेन्योरिता. एकशे दहा.
कुत्रीला पिल्लं झाली, चार.
तुमच्याकडे ऊन कसं आहे?'
यंत्र म्हणतं, 'छान! असंच चालू ठेवा.'
बुधवारी, 'एकशे दहा. एक पिल्लू रात्री गेलं.'
यंत्र म्हणतं, 'छान! असंच चालू ठेवा.'

सतरा दिवस एकशे दहा.
पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची ओळ,
दोरी धरून आखल्यासारखी.
इतकी सरळ रेघ
माणसाच्या रक्ताला जमत नाही.

डांबर संपलं तिथे गाडी ठेवली.
पुढची वस्ती चुनखडीच्या धुळीत,
पाण्याचे पिंप दारादारांशी,
एका अंगणात ग्रेपफ्रूटचं झाड, त्याखाली तीन पिल्लं.
ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.
माझ्या मागे, गाडीकडे बघत म्हणाले,
'ती नाही आली? फोनवरची?'

यंत्र फ्रिजवर, प्लास्टिकच्या पिशवीत,
ग्वादालुपेच्या मेणबत्तीशेजारी.
डबीत पट्ट्या दोनच.
'अडीअडचणीला ठेवल्यात,' म्हणाले.
पन्नास पट्ट्यांच्या पैशात गॅसची टाकी येते,
हे त्यांनी सांगितलं नाही. शेगडीनं सांगितलं.

मग हे एकशे दहा?
त्यांनी टोपी मांडीवर फिरवली, एकदा, दोनदा.
'नर्सबाई म्हणाल्या होत्या, एवढं आलं तर आनंद होईल.
ती पोर रोज न चुकता विचारते.
रोज उठून काय वाईट कळवायचं तिला?'

मी त्यांचं बोट धरलं.
चाळीस वर्षं कांद्याची पात छाटलेलं बोट.
पहिली सुई कातडीवरच अडली.
दुसरीला थेंब आला, सावकाश,
पाहुण्यासमोर येणाऱ्या लाजऱ्या मुलासारखा.
तीनशे चार.
ते आकड्याकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले,
'तिला सांगू नका.'

माझ्या पिशवीतल्या पट्ट्या
भलत्याच नावावर होत्या. दिल्या.
परत येऊन फॉर्म उघडला.
चुकीच्या नोंदीचं कारण:
विसरले, प्रवासात होते, फोन बंद होता, इतर.
भिडेला रकाना नव्हता.
इतरवर बोट ठेवलं.

गोड बोलून माणसं मरतात,
हे मला त्यांना सांगायचं होतं.
त्याऐवजी रात्री, त्याच नंबरवरून,
ज्यावरून फक्त यंत्रानं बोलायचं असतं,
मी हातानं लिहिलं,
'खरा आकडा पाठवा. मी रागावत नाही.
वाईट असला तरी मला हवा आहे.'

सकाळी सात वाजून चार मिनिटं.
'दोनशे एकोणनव्वद. माफ करा, सेन्योरिता.
पिल्लं आता अंगणभर. काळं सगळ्यांत चावरं.
तुमच्याकडे ऊन कसं आहे?'

ठिपका लाल.
फोन करायला नंबर काढला,
पण आधी खिडकीशी गेले.
ढग होते.
तसं कळवलं.